एकदाच आलेली हाक

१

बुधवारी सकाळी धाऊ वॉचमन डोंगरावरून धावत संस्थेत आला तेव्हा त्याच्या एकाच पायात चप्पल होती. दुसरी कुठं राहिली, हे त्याला सांगता येईना.

"खोली उघडी हाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "खोली उघडी हाय, पोरगा नाय. त्याची पिशवी पन नाय."

सोनाली मेसच्या पायरीवर चहाचा कप घेऊन उभी होती. कप कधी पायरीवर ठेवला, हे तिचं तिला कळलं नाही. पोरगा म्हणजे भाविक, तिचा थोरला भाऊ.

आटगाव स्टेशनपासून थोडं आत, सागाच्या झाडांत दूरसंचाराची ही संस्था होती. साल २००४. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल यायला लागले होते आणि ज्याच्या अंगणात कोंबड्या होत्या त्याच्याही पोराला टेलिकॉममध्ये जायचं होतं. सोनाली आणि भाविक मुरबाडकडच्या डोंगरवाडीतले. भाविकनं मधे दोन वर्षं नोकरी केली, म्हणून आता दोघं एकाच वर्गात एम.एस्सी. करत होते.

या एम.एस्सी.च्या पोटात आणखी एक सोय होती. पहिलं वर्ष झालं की प्रत्येकानं एक सर्टिफिकेट निवडायचं: फायबर, वायरलेस किंवा नेटवर्कची सुरक्षा. त्याचे पेपर आणि प्रत्यक्ष काम पुरं केलं की ते हातात पडे, मग पुढं डिग्री राहिली तरी बेहत्तर. नोकरीवाले विचारत ते सर्टिफिकेटच. सोनालीनं फायबर घेतलं आणि भाविकनं वायरलेस. एकाचं बुडालं तर दुसऱ्याचं तरी तरंगेल, असा बहीणभावांचा साधा विचार होता.

वायरलेसवाल्यांचं प्रत्यक्ष काम उंबरमाळीच्या बाजूला, डोंगराच्या सोंडेवर चाले. तिथं एक खोली, छपरावर अँटेना, आत सेट आणि वायरी तपासायचा हँडसेट. पाळीपाळीनं एकेकानं आठवडाभर तिथं राहायचं, मोजमापं घ्यायची आणि दिवस मावळताना आटगावच्या कंट्रोल रूमला खुशाली कळवायची. हा आठवडा भाविकचा होता.

"काल संध्याकाळी तर बोलला की तो!" वायरलेसचे प्रमुख संदेश सर म्हणाले. "आपण सगळे होतो तिथं. खाली उतरतो म्हणाला. उतरला असेल आणि गेला असेल कुठं. तरणा पोरगा आहे."

दुपारी आलेल्या हवालदारानंही हेच ऐकून घेतलं. पिशवी घेऊन माणूस स्वतःहून गेलाय, स्वतःच्या तोंडानं सांगून गेलाय, मग शोधायचं काय? तसा तो वाईट माणूस नव्हता. जाताना सोनालीला म्हणाला, "दोन दिवस वाट बघ. येतात परत."

सोनालीच्या मनात मात्र मंगळवारची ती संध्याकाळ काट्यासारखी रुतून बसली होती.

२

मंगळवारी दिवस मावळताना कंट्रोल रूममध्ये नेहमीची माणसं जमली होती. फायबरच्या प्रमुख अनिता मॅडम पर्स खांद्याला लावून निघायच्या तयारीत होत्या. त्या भातसानगरला राहत, नवरा धरणावर नोकरीला. मुलं बाकावर टेकली होती. संदेश सर शेवटी आले, शेजारच्या बॅटरी रूमच्या दारातून, हात पुसत.

ते बसले न बसले तोच स्पीकर खरखरला.

"आटगाव. सोंडेवरून भाविक बोलतोय. सगळं ठीक आहे. मी खाली उतरतो. सेट बंद करतो."

सोनालीनं माइककडं हात केला. रोज ती त्याला विचारायची, जेवलास का, पाणी आहे का. पण सरांनी माइक आधीच उचलला होता. "ठीक आहे, उतर," ते म्हणाले आणि बटण सोडलं. झालं. सगळे पांगले. सर त्या रात्री होस्टेलवरच मुलांबरोबर झोपले, कारण विद्यापीठाची तपासणी तोंडावर आली होती आणि झाडलोटीपासून सगळी कामं पडली होती.

या सगळ्यात वावगं असं काय? इतरांना काहीच नाही. सोनालीच्या अंगावर मात्र तेव्हाच काटा आला होता. भाविकनं "आटगाव" ही हाक एकदाच मारली होती.

त्यांच्या वाडीत तिन्हीसांजेनंतर कुणी कुणाला एकदा हाक मारत नाही. तीनदा मारतात. आणि एकदाच आलेल्या हाकेला कुणी ओ देत नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा बोलावतोच. एकदाच बोलावते ती हाकामारी, तिला ओ दिली की माणूस गेला. भाविक शिकलासवरलेला, पण दिवस मावळला की सेटवरसुद्धा "आटगाव, आटगाव, आटगाव" असंच म्हणायचा. पोरं चिडवायची, "काय रे, लिलाव आहे का?" दिवसा मात्र एकदाच. दिवसा सोनालीलाही या गोष्टींचं हसू येई. दिवस मावळला की येत नसे.

आणि त्यापुढची गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती.

सगळे गेल्यावर सेट बंद करायला ती एकटी मागं राहिली. बटणावर बोट ठेवलं तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला. खोल, ओला, घशात अडकलेला.

"सोनाली..."

एकदाच. ती माइकसमोर उभी होती. हात लांब केला असता तर पुरे होतं. तिनं सेट बंद केला, दिवा तसाच ठेवला आणि मेसच्या उजेडात जाऊन बसली.

बुधवारी दुपारी आई, बाईजा, मुरबाडहून दोन एस.टी. बदलून आली आणि संस्थेच्या फाटकाशी मातीतच बसली. आत चल म्हटलं तरी येईना.

"मंगळवारी सांजंला तुला कुनी हाक मारली का गो?" तिनं लेकीच्या डोळ्यांत बघून विचारलं.

"नाय," सोनाली म्हणाली.

"बरा झाला," बाईजा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "हाकामारी मेलेल्याचाच आवाज घेते. हाक आली असती तं मंग तो या जगात नसता."

सोनालीला वाटलं, आपण खरं बोललो तर त्याच क्षणी भाविक मरेल.

३

गुरुवारी सकाळी विद्यापीठाकडून देवकी वेखंडे आल्या. सर्टिफिकेटांची तपासणी करायला येणारी बाई म्हणजे कुणी कडक, चष्म्यावरून बघणारी असणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. आल्या त्या पन्नाशीच्या, जाड्या, सतत बडीशेप चघळणाऱ्या. माहेर शहापूरचं, उभी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजात इंजिनिअर म्हणून झालेली. फाटकाशी बसलेल्या बाईजापाशीच त्यांची रिक्षा थांबली आणि पहिला अर्धा तास त्या तिथंच मातीत बसून राहिल्या. संदेश सर हार घेऊन आत ताटकळले.

मग त्यांनी एकेकाला बोलावलं. कागद मागितले नाहीत, नुसत्या गप्पा मारल्या. सोनालीला त्यांनी जवळच बसवून घेतलं होतं.

अनिता मॅडम तुटक बोलल्या. "लपवून काय करू? वायरलेसचं सर्टिफिकेट बंद पडावं असं मी उघड म्हटलंय. तिकडं सोंडेवर नेऊन मुलांना काय शिकवतात, आम्हाला कधी बघू दिलं नाही. पण म्हणून मी एका मुलाला गायब करीन?"

"मंगळवारी घरी कुठल्या रस्त्यानं गेलात?"

"एकच रस्ता आहे, सोंडेच्या पायथ्यावरून." एवढं बोलून मॅडमचा चेहरा उतरला. आपण काय कबूल केलं हे त्यांच्या ध्यानात आलं.

धाऊची तर बोबडीच वळली होती. गावात त्याच्याबद्दल कुजबुज सुरू झाली होती. सोंडेवर त्याच्याशिवाय होतं कोण? "सरांनी मला दुपारी खर्डीला धाडला व्हता, बॅटरीचा पानी आनाया. परत आलो तं अंधार पडलेला. खोलीचा दार ओढलेला व्हता, मला वाटला पोरगा झोपला. सकाळी बघतो तं दार उघडा, आत कोन नाय. देवाशपथ सांगतो बाय, मी त्याला हात नाय लावला."

"वाऱ्यानं उघडतं का ते दार?"

"उघडता. कडी ढिली हाय."

संदेश सर सगळ्यांत मोकळेपणानं बोलले. शहापूरजवळच्या गावात त्यांची भातशेती, घरातले पहिलेच मास्तर. वायरलेसचं सर्टिफिकेट त्यांनीच उभं केलं होतं. "मंगळवारी दुपारी मी मोटारसायकलवरून शहापूरला गेलो होतो, सुट्या भागांसाठी. दिवस मावळायच्या आत परत. त्यानंतर बुधवार दुपारपर्यंत मी एकटा असा नव्हतोच, मुलांना विचारा. आणि संध्याकाळी भाविक धडधाकट होता, हे अख्ख्या संस्थेनं ऐकलंय."

"हो ना," देवकीबाई म्हणाल्या. "सगळं त्या आवाजावर आहे."

सर गेल्यावर त्यांनी सोनालीकडं वळून विचारलं, "तुला त्या आवाजाची भीती का वाटते?"

सोनाली दचकली. ती तर काहीच बोलली नव्हती.

"स्पीकरकडं पाठ करून बसली आहेस, मघापासून. तीनदा जागा बदललीस."

तेव्हा सोनालीनं एका हाकेची गोष्ट सांगितली. फक्त पहिल्या. दुसरी तिनं सांगितली नाही. देवकीबाईंनी हसण्यावारी नेलं नाही. बडीशेप चघळायची थांबवून त्या म्हणाल्या, "चल, ती खोली बघू."

४

सोंडेवर चढायला दुपार झाली. धाऊ पुढं, मागं सोनाली, सगळ्यांत मागं धापा टाकत देवकीबाई. रानात चिटपाखरू हलत नव्हतं. वाळलेल्या सागाच्या पानांवर पाऊल पडलं की सोनाली मागं वळून बघायची. मागं कुणीतरी तेवढीच पावलं टाकतंय असा भास तिला होत होता.

खोलीत भाविकची सतरंजी होती, पाण्याची कळशी होती, चुलीवर अर्धवट शिजलेला भात होता. माश्या घोंघावत होत्या. चुलीवर भात टाकून पिशवी भरून निघून जाणारा तिचा भाऊ नव्हता. तिला उमाळा आला, पण देवकीबाईंनी तिच्या हातात काहीतरी दिलं.

"हे घट्ट धर."

सेटच्या पाठीमागून अँटेनाला जाणारी जाड काळी वायर त्यांनी फिरवून सोडवली होती. तिचं टोक सोनालीच्या मुठीत होतं.

"अँटेना सुटली. आता या सेटचा आवाज खोलीच्या बाहेरही जायला नको, बरोबर?"

"बरोबर."

देवकीबाईंनी माइक उचलला. "आटगाव, ऐकू येतंय का?"

मग भिंतीला टांगलेल्या स्पीकरमधून अनिता मॅडमचा आवाज आला, शेजारी बसून बोलावं तसा. "येतंय मॅडम. अगदी स्पष्ट."

धाऊ किंचाळून दाराकडं पळाला. सोनालीच्या मुठीतली वायर थंडगार होती आणि तिचं टोक हवेत होतं. कुठून आला मग हा आवाज? तिच्या डोक्यातलं पाच वर्षांचं शिक्षण एका झटक्यात पुसलं गेलं आणि फक्त वाडीतल्या गोष्टी उरल्या.

"घाबरू नको," देवकीबाई म्हणाल्या, पण त्यांचाही आवाज जरा चढला होता. "अनिताबाई, संदेश सर आहेत का तिथं?"

"आत्तापर्यंत होते. तुमच्या बाजूनं काहीतरी खुट्ट वाजलं, तसे उठले. मोटारसायकल काढून गेले बघा."

५

सेटमागची फळी ओढल्यावर दोन बारीक वायरी दिसल्या. जमिनीत शिरल्या होत्या.

"धरणाचं काम चालू असताना इथून आटगावपर्यंत टेलिफोनची केबल पुरली होती," देवकीबाई खाली बसत म्हणाल्या. "नंतर ती तशीच पडून राहिली. मधे डोंगराची धार आहे, सोनाली. इथल्या अँटेनातून आटगावपर्यंत आवाज कधी पोचलाच नसणार. तुमच्या सरांनी अँटेना छपरावर ठेवली आणि आवाज जमिनीखालून नेला. वायरलेसचं सर्टिफिकेट वायरवर चाललंय!"

"इतकी वर्षं?"

"आणि भाविकला ते कळलं. मोजमापं घेणारा पोरगा, कधीतरी कळणारच. आता नीट आठव. आवाज जर केबलवरून येतो, तर तो सोंडेवरूनच आला कशावरून? केबलच्या कुठल्याही जागेवरून येईल. कंट्रोल रूमच्या शेजारच्या खोलीतूनसुद्धा."

सोनालीला बॅटरी रूमचं दार आठवलं. हात पुसत येणारे सर आठवले.

"तुमच्याकडं मुलांचे आवाज रेकॉर्ड करतात ना?"

"प्रॅक्टिकलला. खुशालीचीच वाक्यं म्हणायला लावतात, आवाज स्वच्छ पोचतो का बघायला. दुपारच्या तासाला." बोलता बोलता ती थांबली. "दुपारच्या... म्हणून एकदाच 'आटगाव'!"

"कॅसेटला पुढं कोरी जागा सोडायची, बटण दाबायचं आणि येऊन सगळ्यांत बसायचं. माइक मात्र दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ द्यायचा नाही. तू जेवलास का म्हणून विचारलं असतंस, तर कॅसेट काय उत्तर देणार होती? सरांना एवढंच हवं होतं की दिवस मावळेपर्यंत भाविक धडधाकट होता असं सगळ्यांनी म्हणावं. म्हणजे जे झालं ते त्याआधी झालं, दुपारी. सर शहापूरला गेलेच नव्हते. धाऊला खर्डीला पाठवून ते इथं आले, आणि पिशवीही त्यांनीच नेली."

सगळं जुळलं. आणि जुळलं तशी सोनालीला दुसरी हाक आठवली. दुपारीच झालं असेल तर संध्याकाळी जी हाक आली ती... आई म्हणाली होती तेच खरं.

"मॅडम," ती म्हणाली. "आणखी एक हाक आली होती. सगळे गेल्यावर. त्यानं माझं नाव घेतलं. एकदाच. मी... मी ओ नाय दिली. मी सेट बंद केला. आईला पन खोटं सांगितलं. तो मेला म्हणून आली ना हाक?"

देवकीबाई ताडकन उठल्या. एवढ्या जाड्या बाईला इतकं झटकन उठता येईल असं वाटलं नव्हतं.

"अगं वेडे! कॅसेटमध्ये तुझं नाव कशाला असेल? आणि भुताला वायर लागते का? तो आवाज त्याच केबलवरून आला. भाविककडं तपासणीचा हँडसेट असतो ना, वायरीला चिमटा लावून बोलायचा? मंगळवारी संध्याकाळी तो जिवंत होता, आणि केबलपाशी होता!" त्या दाराकडं वळल्या. "धाऊ! या केबलला मधे खड्डे आहेत का, झाकणवाले?"

"हायेत ना," बाहेरून धाऊ म्हणाला. "आमी पोरं व्हतो तवा लपाया जायाचो. आता कोन जात नाय." तो दारातून डोकावला. "बाय, एक इचारू? खालच्या खड्ड्याकडं काल पेंढ्याचा भारा बघितला मी. इथं रानात भातशेती नाय, कुनाची गुरं नाय. पेंढा कुनी टाकला म्हनून नवल वाटला मला."

६

ते उतारावरून अक्षरशः घसरत गेले. सोनालीच्या तळव्यांना काटे लागले, तिला कळलं नाही. तीन दिवस. तीन दिवस माणूस जगतो का? ती चालता चालता मोठ्यानं काहीतरी बडबडत होती, देवाचं की भाविकचं नाव, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

झाडीतून पेंढा दिसला आणि ती जागच्या जागी थिजली.

पेंढ्यावर संदेश सर बसले होते. खाली मान घालून, गुडघ्यांना मिठी मारून. बाजूला त्यांची मोटारसायकल आडवी पडली होती.

"सर, उठा," देवकीबाई म्हणाल्या.

सर हलले नाहीत. "मी त्याला ढकललं नाही," ते म्हणाले. आवाज अगदी रोजच्यासारखा, वर्गात शिकवताना असायचा तसा. "झाकण उघडून तो आत वाकला होता. म्हणाला, सर, हे विद्यापीठाला सांगावं लागेल. मी म्हटलं, आधीच्या मुलांची सर्टिफिकेटं जातील, त्यांच्या नोकऱ्या जातील, माझं तर सगळंच जाईल. तो वळला आणि पाय घसरून पडला. मोठा आवाज झाला. मग काहीच आवाज झाला नाही. मी झाकण तेवढं लावलं."

"तेवढं?" सोनाली ओरडली.

"तो गेला असंच मला वाटलं."

"हाक मारून बघितली तुमी? एकदा तरी?"

सरांनी पहिल्यांदा वर बघितलं. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"नाही," ते म्हणाले. "आजही त्यासाठीच आलो होतो. पण भीती वाटली. त्यानं ओ दिली असती तर?"

सोनालीला त्यांच्या अंगावर धावून जायचं होतं. त्यांना ओरबाडायचं होतं. पण त्या वाक्यानं ती जागीच उभी राहिली. ही भीती तिला ओळखीची होती. धाऊनं सरांना बखोटीला धरून बाजूला केलं, पेंढा फेकला आणि झाकणाच्या कडीत काठी घातली.

खाली काळोख होता. कुबट, ओला वास वर आला. तळाशी झिरपलेलं पाणी चकाकलं आणि त्या पाण्याच्या कडेला, भिंतीला टेकून, काहीतरी पांढरं दिसलं. भाविकचा शर्ट.

"भाविक! भाविक! भाविक!"

काही नाही. सोनाली पालथी झोपून अर्धी आत लोंबली, देवकीबाईंनी तिचे पाय धरले. तिनं पुन्हा हाका मारल्या, मोजल्या नाहीत. बऱ्याच वेळानं त्या पांढऱ्या शर्टाचा हात वर उचलला गेला आणि परत पाण्यात पडला.

७

भाविक वाचला. पाय दोन जागी मोडला होता, बरगड्या मोडल्या होत्या, पण झिरपणाऱ्या पाण्यानं त्याला जिवंत ठेवलं होतं. शहापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर आम्हाला बोलावून उपयोग नव्हता. संदेश सरांना पोलीस घेऊन गेले. विद्यापीठानं वायरलेसचं सर्टिफिकेट बंद केलं आणि त्या मुलांना फायबर घ्यायची मुभा दिली. ते सगळं देवकीबाईंनी बघितलं, तो त्यांचा प्रांत होता.

सोनालीला एकाच गोष्टीची धास्ती होती. भाविक बोलायला लागला की काय विचारील?

तो तिसऱ्या दिवशी बोलला. दुपारची वेळ होती, आई चहा आणायला खाली गेली होती.

"पडलो तवा शुद्ध गेली माझी," तो छताकडं बघत म्हणाला. "जागा झालो तं अंधार. हँडसेट गळ्यात व्हता, चाचपडत वायरीला लावला. छातीत दुखत व्हता, दम लागत नव्हता. तुझा एक नाव घेता आला फक्त. वाटला, खुशालीचा टाइम झाला आसंल, तू असशील तिथं." त्यानं पाण्याचा घोट घेतला. "काय आवाज आला नाय. मंग वाटला केबल तुटलेली आसंल, कशाला दम घालवायचा? हँडसेट सोडून दिला. नायतर परत परत मारली असती हाक."

सोनालीला सहज म्हणता आलं असतं, हो, केबल तुटली होती. त्यानं ते मानलंही असतं. आईला सांगितलेलं एक खोटं आधीच तिच्या छातीवर बसलं होतं. दुसरं तिला पेलवेना.

"केबल तुटली नव्हती," ती म्हणाली. "मी तिथंच व्हते. ऐकला मी. एकदाच आली म्हनून घाबरले."

भाविकनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. तो रागावला नाही. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तोही त्याच वाडीतला. तिच्या जागी असता तर त्यानंही सेट बंद केला असता, हे त्याला कळत होतं, आणि ते कळताना त्याच्या तोंडावरचं रक्त उतरत गेलेलं तिनं बघितलं.

"बराबर हाय," तो हळूच म्हणाला.

तो बरा झाला. किंचित लंगडत का होईना, चालायला लागला. पुढल्या वर्षी त्यानं सोनालीच्या शेजारी बसून फायबरचं सर्टिफिकेट पुरं केलं, आणि दोघांना नोकऱ्याही लागल्या. बहीणभावांत अबोला असा कधी झाला नाही. फक्त त्यानंतर भाविकनं कुणालाच लांबून हाक मारली नाही. सोनाली मागच्या खोलीत असो नाहीतर शेताच्या टोकाला, तिच्याशी काम पडलं की तो लंगडत तिच्यापर्यंत चालत येई, खांद्याला हात लावी आणि मगच बोले.

सोनालीनं एकदा विचारलं, एवढा चालत कशाला येतोस, हाक मार की.

"नको," तो म्हणाला. "ओ नाय आली तं?"